चेलो, चिखल आणि चटणी

पायी दौऱ्यावर निघालेल्या बँडमध्ये मानाची उतरंड असते, पण ती कोण किती सुरेल वाजवतं यावर ठरत नाही. कोणाचं वाद्य किती किलोचं, यावर ठरते. टिन व्हिसलवाला सगळ्यांत पुढे. त्याची ती नळी शर्टाच्या खिशात मावते, त्यामुळे तो फुलं बघत, ढगांबद्दल मतं मांडत चालतो. त्याच्यामागे फिडलवाली, तिच्यामागे कॉन्सर्टिनावाला, मग पाठीला मेलोडियन लावलेली बाई, जिच्याशी पहिल्या चढानंतर कोणी बोलायचं नसतं. आणि मधे एखादं अख्खं शेत सोडून चेलो येतो. चेलोखाली एक माणूसही असतो, पण लांबून आधी चेलोच दिसतो.

मी या रांगेत मधेच कुठेतरी. माझ्याकडे वाद्य नव्हतं, सीड्यांचा खोका होता. ब्रायटनला आमच्या शेजारी राहणारी फिडलवाली एका संध्याकाळी दारात येऊन म्हणाली, "आम्ही साउथ डाउन्सवरून चालत दौरा करतोय. सीडी विकायला कोणीतरी हवंय. तुला चालायला आवडतं ना?" इंग्लंडमध्ये या प्रश्नाला 'नाही' म्हणायची सोय नाही. कुत्रा, बाग आणि चालणं यांतलं काहीच न आवडणाऱ्या माणसाकडे इथे लोक जरा काळजीनेच बघतात. मी 'हो' म्हटलं.

पायी दौऱ्याचं कारण पोस्टरवर छापलं होतं: पृथ्वीची काळजी, मुळांकडे परतणं, जुन्या फिरत्या गवयांचा वारसा वगैरे. खरं कारण फिडलवालीच्या नवऱ्याने कुंपणापलीकडून सांगितलं. बँडची व्हॅन एमओटीला, म्हणजे गाडीच्या वार्षिक परीक्षेला, नापास झाली होती. तळ इतका गंजला होता की पाय ठेवला असता तर दौरा तसाही पायीच झाला असता.

कराडला आईला फोन केला. "चालत? का गं, गाड्या बंद आहेत का तिकडे?"

म्हटलं, मुद्दाम चालतात. गात-वाजवत, गावोगावी मुक्काम करत.

पलीकडे जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग म्हणाली, "म्हणजे वारीच की. आळंदीला चल म्हटलं तेव्हा तुझे गुडघे दुखत होते. शेवटी दर्शन कोणाचं?"

"शेवटी ईस्टबर्न लागतं."

"तिथे कोण आहे?"

"समुद्र. आणि पेन्शनर."

"बरं," आई म्हणाली, "पायमोजे जास्तीचे घे."

साउथ डाउन्स वे ही वाट विंचेस्टरहून निघते आणि 160 किलोमीटर पूर्वेकडे जाऊन ईस्टबर्नला कड्यापाशी, आता पुढे नाइलाज आहे म्हणून थांबते. जवळजवळ सगळी वाट खडूच्या डोंगरांवरून जाते. खडू म्हणजे खरोखरचा, पांढरा, बुटाला लागणारा. आता, सगळ्यांत उंच जागांपैकी एक म्हणून जिचं नाव आदराने घेतलं जातं ती डिचलिंग बीकन 248 मीटर. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला हसू येतं. मलाही आलं होतं. पण खडूची एक खोड आहे. त्याच्यात पाणी टिकत नाही. पाऊस वरून मुरतो आणि थेट पायथ्याला झऱ्यांतून बाहेर येतो. म्हणून हजार-बाराशे वर्षांपूर्वी ज्यांना प्यायला पाणी हवं होतं त्यांनी गावं पायथ्याला वसवली. अँबर्ली, स्टेनिंग, पॉइनिंग्ज, प्लंप्टन, सगळी एका ओळीत डोंगराच्या पायाशी. फुलकिंगला तर झरा पबच्या शेजारूनच वाहतो. पाणी खाली म्हणून गाव खाली, गाव खाली म्हणून पब खाली, पब खाली म्हणून कार्यक्रम खाली. आणि वाट मात्र वर, डोंगराच्या कण्यावरून. म्हणजे रोज संध्याकाळी चेलो घेऊन उतरायचं आणि रोज सकाळी चेलो घेऊन चढायचं. 248 मीटरची गंमत तिसऱ्या वेळेला कळते.

वाट चुकत नाही, कारण प्रत्येकाकडे ऑर्डनन्स सर्व्हेचा नारिंगी मुखपृष्ठाचा नकाशा असतो. 1791 मध्ये ही संस्था निघाली तेव्हा फ्रेंच चालून आले तर कुठून येतील, ही चिंता होती, त्यामुळे दक्षिण किनाऱ्याचं मोजमाप आधी झालं. फ्रेंच आले नाहीत, नकाशे राहिले. आता त्यात पब दाखवायला निळा बिअरचा मग छापलेला असतो आणि लष्करी शिस्तीने सगळे तोच शोधतात.

वरची मुख्य वाट घोड्यांना आणि सायकलींनाही खुली आहे, म्हणून तिच्यावर चांगली रुंद फाटकं. पण गावात उतरणाऱ्या पायवाटा फक्त माणसांपुरत्या. तिथे किसिंग गेट येतं. नावावर जाऊ नका. अर्धगोल कठड्याच्या आत लोंबणारं एक फाटक, एवढंच ते. फाटक ढकलून कठड्यात शिरायचं, कोपऱ्यात अंग चोरून उभं राहायचं, फाटक आपल्या पोटापुढून पलीकडे फिरवायचं आणि बाहेर पडायचं. गाईला हे जमत नाही, कारण गाय लांब असते. ही सगळी रचनाच त्यासाठी केलेली आहे. चेलो पाठीला लावलेला माणूस गाईइतका लांब नसतो, पण जाडी धरली तर हिशेब तिथेच येतो.

पहिल्या गेटला आमचा चेलोवाला आत शिरला, वळला आणि अडकला. पाठीवरची पेटी कठड्याला, नाक फाटकाला. फाटक पुढे जाईना, मागेही येईना. आपल्याकडे अशा वेळी 'अरे धर, ओढ, थांब थांब' असा गलका होऊन पाच मिनिटांत माणूस किंवा फाटक यांपैकी एक मोकळं झालं असतं. हा आतून शांतपणे म्हणाला, "किंचित अडचण झालीये असं वाटतं."

तेवढ्यात मागून एक वयस्कर जोडपं कुत्र्याला घेऊन आलं. आणि रांगेत उभं राहिलं. रांग म्हणजे ती दोघं आणि कुत्रा. गृहस्थ म्हणाले, "सावकाश होऊ द्या, आम्हाला घाई नाही." बाईंनी जरा वेळ बघितलं आणि विचारलं, "तो डबल बेस का?" चेलोवाल्याने फाटकाच्या गजांतून चेलो आणि डबल बेस यांतला फरक समजावून सांगितला. बेस केवढा मोठा असतो हे दाखवायला हात वर करायला गेला आणि आणखी घट्ट बसला. बाई म्हणाल्या, "मग बरं झालं, तुम्ही लहान वाद्य घेतलंत." कुत्रा खालच्या फटीतून निघून केव्हाच पलीकडे जाऊन बसला होता.

शेवटी पट्टे सोडून चेलो आधी काढला, कुंपणावरून हातोहात पलीकडे दिला, मग माणूस सुटला. पुढे प्रत्येक गेटला हाच विधी. चेलो वरून, माणसं आतून, कुत्री खालून. एवढं होऊनही चौघांपैकी एकानेही 'तू हे का आणलंस?' असं विचारलं नाही. विचारायचे ते फक्त, "ठीक आहेस ना?" आणि तो, चेहरा बिटासारखा झालेला असताना, म्हणायचा, "अगदी मजेत."

इथला पाऊस पडत नाही, असतो. छत्री उघडावी इतका नाही, मिटावी इतका कमी नाही. तो खडूवर असला की खडूची पेस्ट होते. ती बुटाच्या तळाला बसते, तिच्यात गारगोटीचे तुकडे रुततात, त्यांच्यावर गवत, गवतावर पुन्हा पेस्ट. दुपारपर्यंत माणूस दोन इंच उंच होतो आणि पायाला किलोभर वजन. व्हिसलवाल्याच्या पायालाही तेवढंच. दौऱ्यात न्याय म्हणून झाला तो एवढाच.

दमट हवेत फिडलच्या तारा उतरतात, मेलोडियनच्या पट्ट्या चिकटतात. कॉन्सर्टिनाचं मात्र काही बिघडत नाही. त्या छोट्या सहाकोनी डबीचा जनक चार्ल्स व्हीटस्टन. बारावीच्या फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला ज्या व्हीटस्टन ब्रिजने आपल्याला छळलं, ते हेच गृहस्थ. विद्युतप्रवाहाचं काय ते करून उरलेल्या वेळात, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात, त्यांनी दोन तळव्यांत मावणारं हे वाद्य काढलं. मी त्यांना अर्धी माफी दिली. दीड किलोच्या आत एवढे स्वर बसवणाऱ्या माणसाला डोंगर चढणाऱ्यांची कणव होती, हे नक्की.

तर आता वळू. इंग्लंडात पायवाट कोणाच्याही शेतातून जाऊ शकते आणि त्या वाटेवरून जायचा हक्क सगळ्यांना. शेतकऱ्याला वाट अडवता येत नाही. पण शेतात जनावरं ठेवता येतात. त्यावर 1981 चा कायदा असा: दहा महिन्यांपेक्षा मोठा, दुभत्या जातीचा वळू वाटेच्या शेतात मोकळा ठेवायचा नाही. जातीही कायद्यात नावानिशी आहेत: एअरशायर, फ्रिझियन, होल्स्टाइन, डेअरी शॉर्टहॉर्न, गर्न्सी, जर्सी आणि केरी. इतर जातींचा वळू चालतो, मात्र सोबत गाई किंवा कालवडी हव्यात. म्हणजे तो त्यांच्या विचारात राहील आणि आपल्याकडे त्याचं लक्ष जाणार नाही, असा संसदेचा अंदाज. सगळं ठीक. फक्त वाटसरूने फाटकापाशी उभं राहून समोरच्या प्राण्याची जात, वय आणि वैवाहिक स्थिती ठरवायची आणि मग आत पाय टाकायचा. आमच्यात कोणालाच जर्सी आणि गर्न्सी यांतला फरक सांगता येत नव्हता. मेलोडियनवाली म्हणाली, "दोन्ही बेटं आहेत एवढं मला माहीत आहे."

त्या शेतात निघाल्या कालवडीच, पण वीसेक होत्या आणि सगळ्या आमच्याकडे यायला लागल्या. गाय जवळ आली की हात लावून कपाळाला लावायचा, या संस्कारात मी वाढलेली, तरी वीस एकदम आल्यावर मीही चेलोच्या मागे गेले. तेव्हा मेलोडियनवालीने पट्टा खांद्यावरून पुढे घेतला आणि एक जिग सुरू केली. कालवडी थांबल्या. मग अर्धवर्तुळात उभ्या राहिल्या, धाकट्या पुढे, मोठ्या मागे. एकीने मान वाकडी करून भात्याच्या हालचालीबरोबर डोळे फिरवायला सुरुवात केली, आत-बाहेर, आत-बाहेर. दुसरीची जीभ तिच्याच नाकपुडीत जाऊन तिथेच थांबली. अख्खी जिग संपेपर्यंत कोणी हललं नाही, कोणी फोन काढला नाही, कोणी शेजारणीला काही सांगितलं नाही. दौऱ्यातला सगळ्यांत दर्दी श्रोतृवर्ग तोच. सीडी मात्र एकीनेही घेतली नाही.

सीडीचं अर्थशास्त्र सांगितलंच पाहिजे, कारण ते माझ्या खांद्यावर होतं. एक सीडी डबीसकट शंभरेक ग्रॅम. विकली गेली की तेवढं ओझं कमी. त्यामुळे मी जी तळमळीने विक्री केली ती कलेच्या प्रेमाने नव्हे. लोकही घ्यायचे. "आमच्याकडे सीडी प्लेअर नाही हो आता," असं म्हणून घ्यायचे, "पण तुम्ही एवढे चालत आलात!" आणि मग, चालत आलात म्हणूनच, आत जाऊन काहीतरी घेऊन यायचे. घरच्या सफरचंदांची चटणी. काचेच्या बरणीत, वर कापडाची टोपी, दोरा, हाताने लिहिलेलं लेबल. अर्धा किलो. चवीला मुरंब्याने व्हिनेगरशी लग्न केल्यासारखी आणि त्या संसारात मिरचीला प्रवेश नाही. गावागणिक सीड्या कमी होत गेल्या आणि खोका जड होत गेला. एका सकाळी मी उंच गवतात एक बरणी हळूच ठेवली. पन्नास पावलं गेले नसेन तोच मागून एक मुलगी धावत आली. "तुमची पडली!"

पायी फिरणाऱ्या गवयांचं आणि इंग्रजी कायद्याचं नातं जुनं आहे. 1572 मध्ये, पहिल्या एलिझाबेथच्या राज्यात, कोणा उमरावाचा आश्रय नसलेल्या भटक्या गवयांना, नटांना, अस्वलवाल्यांना आणि फेरीवाल्यांना एकाच यादीत घालून भटकभवाने ठरवलं गेलं. शिक्षा म्हणजे फटके आणि उजव्या कानाच्या पाळीला तापल्या लोखंडाने आरपार डाग. इंग्लंडमधले फोक गायक गाताना एक हात कानावर का ठेवतात, याचं उत्तर आपला आवाज आपल्याला नीट ऐकू यावा, असं देतात. मला ते पटायचं. हा कायदा वाचल्यापासून पटत नाही.

पुढे सौम्यपणा आला. विसाव्या शतकात असा नियम होता की पबमध्ये दोन जणांनी गायलं-वाजवलं तर वेगळा परवाना नको, तिसरा उभा राहिला की हवा. 2003 च्या कायद्याने तो नियम काढला आणि एकट्यालाही परवान्याच्या कक्षेत आणलं, पण मॉरिस नृत्याला नावानिशी सूट दिली. म्हणजे गुडघ्याला घुंगरं बांधून हातरुमाल हलवणारी माणसं कायदेशीर, आणि कोपऱ्यात बसून गिटार वाजवणारा संशयित. 2012 मध्ये आणखी एक कायदा आला. आता सकाळी आठ ते रात्री अकरा, माइक-स्पीकरशिवाय खुशाल गा. अँप्लिफायर उचलायला नको आणि परवानाही नको, हा योग चारशे चाळीस वर्षांनी जुळून आला.

या सगळ्या मंडळींचा मूळपुरुष म्हणजे विल केंप. शेक्सपिअरच्या कंपनीतला विनोदी नट. 1599 मध्ये कंपनीतून बाहेर पडला आणि 1600 साली लंडनहून नॉरिचपर्यंत, शंभराहून जास्त मैल, मॉरिस नाचत गेला. नाचाचे दिवस नऊ, पण मधल्या विश्रांती आणि बर्फ धरून आठवडे लागले. ओझ्याचा विचार या माणसाने फार बारकाईने केला होता. सोबत वादक एकच, टॉमस स्लाय. तो एका हाताने तीन भोकांची पिपाणी वाजवायचा आणि दुसऱ्या हाताने ढोलकं. दोन वाद्यं, एक तोंड, सराईत एकच खाट. शिवाय एक नोकर आणि जॉर्ज स्प्रॅट नावाचा पंच, केंप खरोखर नाचतोय की मधेच चालतोय हे बघायला, कारण यावर पैजा लागल्या होत्या.

सडबरीला एक धिप्पाड खाटीक म्हणाला, मी बेरीपर्यंत तुझ्याबरोबर नाचतो. अर्ध्या मैलात त्याने हात टेकले. शंभर पौंड दिले तरी आता पुढे नाही म्हणाला. हे ऐकून गर्दीतली एक गावची पोर पुढे आली, त्याला भित्रा म्हणून चार शब्द सुनावले, केंपकडून घुंगरं मागून घेतली आणि नाचत थेट मेलफर्डपर्यंत गेली. नॉरिचला तर कहर. गर्दी एवढी लोटली की शेवटच्या टप्प्यात पंच स्प्रॅट मागे पडला. केंपने चर्चच्या आवाराची भिंत उडी मारून ओलांडली, सगळ्या गावाने बघितली, पण स्प्रॅटने नाही. स्प्रॅट म्हणाला, मी पाहिलं नाही, मी साक्ष देणार नाही. केंपला तो तुकडा पुन्हा नाचावा लागला. असा माणूस आजही इंग्लंडच्या प्रत्येक समितीत एक असतो. महापौरांनी केंपला पाच पौंड आणि वर्षाला चाळीस शिलिंग बांधून दिले. पैजा हरलेल्यांपैकी बरेच जण मात्र नंतर त्याला भेटेनासे झाले.

आमच्या बँडला कोणी पैज लावली नव्हती. संध्याकाळी साडेसातला गावच्या हॉलमध्ये कार्यक्रम. भिंतीला मोडून ठेवलेलं टेबल-टेनिसचं टेबल, स्टेजवर गेल्या नाताळच्या नाटकातलं पुठ्ठ्याचं झाड, मागे चहाचा मोठा बंब. श्रोते आपापली उशी घेऊन येतात. त्यांना हॉलच्या खुर्च्या माहीत असतात. फिडलवाली तारा जुळवते, जुळवताना गाण्याची कथा सांगते आणि कथा नेहमी गाण्यापेक्षा मोठी असते. गाण्यांत काय चालतं? नाविक बुडतात. मुली वाट बघतात. सात वर्षांनी प्रियकर परत येतो आणि मुलगी त्याला ओळखतच नाही, मग तो परका असल्याचं सोंग करून तिची निष्ठा तपासतो, मग अर्धी अंगठी काढून दाखवतो. सात वर्षांत दाढी सोडली तर बदलण्यासारखं काय असतं, हा प्रश्न मी एकदा विचारला. सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी कीर्तनात बुवांना पुरावा मागितलाय. आणि हे सगळं बुडणं, फाशी, ताटातूट ऐकून विणलेल्या स्वेटरातली ती निवृत्त मंडळी ध्रुवपदाला अशी काही तीन-तीन सुरांत उठतात की छपराची कौलं दचकावीत. शेजारच्या आजींनी मला न विचारता खालचा सूर दिला आणि कोपराने ढोसून तो धरायला लावला.

मध्यंतरात रॅफल. याच्याशिवाय फोकचा कार्यक्रम होत नाही. बहुतेक अशुभ असावं. रंगीत तिकिटं फाडायची, अर्धं आपल्याकडे, अर्धं टोपलीत. बक्षिसांत वाइनची बाटली, आंघोळीचं सुगंधी मीठ आणि कोणाच्या तरी बागेतला मॅरो, म्हणजे वाढू दिलेली, हाताबाहेर गेलेली झुकिनी. कौतुकाने बँडलाही एक तिकीट देतात. अँबर्लीच्या पुढच्या एका गावात आमचा नंबर लागला. वाइन आधीच गेली होती.

तो मॅरो चार किलोंचा होता. दुसऱ्या दिवशी चढाच्या पायथ्याशी पाचही जण त्याच्याभोवती उभे. "मी घेतो हं," "नाही नाही, मी घेते," "खरंच, मला काही नाही," असं दहा मिनिटं चाललं. कोणाचाही हात पुढे आला नाही. शेवटी मी म्हटलं, याची भाजी करू. त्यांना हा उपाय फार क्रांतिकारक वाटला. पुढच्या मुक्कामी ज्यांच्या घरी उतरलो त्यांच्या स्वयंपाकघरात हिंग, मोहरी आणि माझ्या पिशवीतलं गोडा मसाल्याचं पुडकं घालून मी त्याचा निकाल लावला. सोबत पोळ्या नव्हत्या, टोस्ट होता. यजमानीण बाईंनी पाककृती लिहून घेतली. आणि जाताना एक चटणीची बरणी दिली.

साउथईजजवळ आम्ही मुख्य वाट सोडून समुद्राच्या बाजूला रॉटिंगडीनला गेलो. फोकवाल्यांच्या भूगोलात या गावाला मान आहे, तो कॉपर घराण्यामुळे. मला आधी भेटला तो किपलिंग. जे. जे.च्या आवारात जन्मलेला हा गृहस्थ 1897 पासून काही वर्षं या गावात राहत होता. मुंबईचा माणूस म्हणून त्याच्या घराकडे एक नजर टाकली आणि पुढे गेले. कॉपर म्हणजे शेतावर राबणारी माणसं. 1898 मध्ये केट ली नावाच्या बाईंनी जेम्स आणि टॉमस कॉपर या भावांना गावातल्या एका बड्या घरात बोलावलं, टेबलावर व्हिस्कीची बाटली ठेवली आणि गायला सांगितलं. बाटली संपेपर्यंत घरी जायचं नाही, असा ठराव होता म्हणतात. त्याच साली फोक-साँग सोसायटी निघाली आणि दोघा भावांना तिचं मानद सभासदत्व मिळालं. त्यांच्याकडे वाद्य एकही नव्हतं. दोघं दोन सुरांत गायचे, बस्स. त्यांच्या पुढच्या पिढ्याही तशाच गात आल्या.

आणि याच्या उलट सेसिल शार्प. 1903 मध्ये सॉमरसेटमध्ये हॅम्ब्रिजच्या चर्चबंगल्यात हा संगीतशिक्षक बागेत बसला होता. गवत कापणारा माळी गुणगुणत होता. माळ्याचं नाव जॉन इंग्लंड, हे मी रचलेलं नाही. शार्पने चटकन गाणं टिपून घेतलं आणि त्याच संध्याकाळी त्याला पियानोची साथ बसवून गाववाल्यांपुढे ते गाऊनही घेतलं. सकाळी जे गाणं माळ्याच्या तोंडात ग्रॅमभर वजनाचं नव्हतं, त्याला रात्रीपर्यंत पियानो लागला होता. शार्पने पुढे हजारो गाणी जमवली, त्याचे उपकारच आहेत. पण तो सायकलने फिरायचा आणि पियानो घरी ठेवायचा, हे लक्षात घेतलं पाहिजे.

रॉटिंगडीनच्या त्या संध्याकाळी वाद्यं इतकी भिजलेली होती की कोणी पेट्या उघडल्याच नाहीत. पाचही जण नुसते उभे राहून गायले. आणि तेव्हा कळलं की चेलोवाल्याचा खर्ज असा आहे की मेजावरचे ग्लास किणकिणतात. पबमधली मंडळी खेळ सोडून वळली. मी उरलेल्या सीड्यांतल्या बऱ्याचशा त्या एका रात्रीत संपवल्या.

नंतर बाहेर बाकावर बसल्यावर फिडलवालीने अखेर, दोन पाइंटांच्या आधाराने, विचारलं, "तुझा आवाज असा आहे, तर तू चेलो कशाला आणलास?"

तो चकित झाला. "तुम्हाला हवा होता ना?"

"आम्हाला? आम्हाला वाटलं तुला आणायचाय."

"मला तर घरीच ठेवायचा होता. पण पोस्टरवर चेलो छापला होता."

पोस्टर व्हिसलवाल्याने केलं होतं. त्याने बराच वेळ लाटांकडे बघितलं आणि म्हणाला, "चित्र चांगलं दिसत होतं."

चेलो तिथून परत पाठवता आला असता. पण आता ईस्टबर्न एवढं जवळ आलंय तर राहू दे, असं चेलोवालाच म्हणाला, आणि सगळ्यांनी 'तू म्हणशील तसं' म्हणून त्याला पुन्हा अडकवलं.

शेवटच्या उतारावर, खाली ईस्टबर्नचा धक्का दिसत असताना, पुढच्या वर्षाच्या गप्पा निघाल्या. पेनाइन वेचा विचार आहे म्हणाले, 268 मैल. तू येशीलच. तू काही वाजवतेस का? म्हटलं, लहानपणी पेटी शिकले होते. भाता असतो, आत पत्र्याच्या पट्ट्या, तुमच्या मेलोडियनची चुलत बहीण म्हणा, फक्त खाली ठेवून वाजवायची. मेलोडियनवालीचे डोळे चमकले. फिडलवाली म्हणाली, वा, केवढं वेगळं होईल. चेलोवाला मागून भराभर पावलं टाकत आला.

"किती किलो?"

"बारा."

"चाकं असतात?"

"नाही."

"आणच," तो म्हणाला.